गोलमध्ये कोण उभं राहणार?

राजेहो, एक हिशेब मांडतो. आपला अमरावती विभाग, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे, साधारण 46 हजार चौरस किलोमीटरचा. नेदरलँड्स हा अख्खा देश त्याहून थोडा लहान. त्या देशाच्या मुलींनी 2017 मध्ये युरोपचा चषक जिंकला आणि 2019 मध्ये वर्ल्ड कपची फायनल गाठली. दोन्ही वेळी गोलमध्ये सारी व्हॅन व्हीनेंडाल होती. फायनल अमेरिकेनं 2-0 नं जिंकली, पण स्पर्धेतली सर्वोत्तम गोलकीपर सारीच ठरली.

"तो श्रीमंत देश, आपलं काय!" म्हणून हात झटकू नका. तिथल्या फुटबॉल संघटनेनं महिला फुटबॉलला मान्यता दिली 1971 मध्ये. महिलांची राष्ट्रीय लीग 2007 मध्ये आली आणि दहा वर्षांत चषक घरी आला. सारी याच लीगमधून वर आली. लहान मुली तिथं मुलांच्याच संघात खेळतात, कोणी भुवया उंचावत नाही.

खरी गोष्ट पुढंच आहे. जुलै 2022, युरो स्पर्धा, स्वीडनविरुद्ध पहिलीच मॅच. सारीचा खांदा दुखावला, ती अर्ध्या तासाच्या आत बाहेर. आत आली 22 वर्षांची डाफ्ने व्हॅन डोम्सेलार. उरलेली स्पर्धा तिनं सांभाळली. सारी त्याच वर्षी निवृत्त झाली आणि डाफ्नेनं 2025 मध्ये आर्सेनलकडून चॅम्पियन्स लीग जिंकली. एक गेली तेव्हा दुसरी तयार होती. व्यवस्था म्हणतात ती हीच.

आणि आपण? त्याच 2022 च्या ऑक्टोबरात 17 वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला, फायनल नवी मुंबईत. भारतानं तीन मॅचमध्ये 16 गोल खाल्ले. त्या पोरींना नावं ठेवणं सोपं आहे. पण संघातल्या तिन्ही गोलकीपर मणिपूर आणि झारखंडच्या होत्या. निदान त्यांनी पोरी दिल्या. आपण काय दिलं? स्टेडियम आणि टाळ्या.

स्ट्रायकर एखादवेळी गल्लीत घडेल, गोलकीपर नाही घडत. तिच्यावर रोज कोणीतरी शॉट मारावे लागतात, पडायला मऊ जमीन लागते, शिकवणारा लागतो. आपल्याकडे बऱ्याच शाळांत स्पर्धेच्या आठ दिवस आधी संघ जमवतात. जिला पळता येत नाही तिला गोलमध्ये उभी करतात. ग्रेस मार्कांचं सर्टिफिकेट हातात पडलं की खेळ संपला.

"आपल्या पोरींले कायले पाह्यजे फुटबॉल?" असं विचारणाऱ्यांनी जरा आठवावं. याच अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. अकोल्याच्या बॉक्सिंगचं नाव राज्यभर आहे. परंपरा कमी नाही, पोरींना मैदानावर जागा कमी आहे. सभा, प्रदर्शनं आणि लग्नं उरकल्यावर जे मैदान उरतं, त्यावर पोट्ट्यांचं क्रिकेट चालतं. पोरी कडेला उभ्या.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. आपण फेटे बांधले, फोटो काढले. त्याच दोन शहरांत आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एक मैदान मुलींसाठी राखून ठेवता येत नाही, हे मला कोणी पटवून द्यावं.

म्हणून मागणं एवढंच. दोन्ही शहरांत दोन राखीव संध्याकाळी. जाळी लावलेले गोलपोस्ट. बारा वर्षांपर्यंत मुली-मुलांचा सराव एकत्र. गोलकीपर शिकवणारा एक माणूस. आणि वर्षभर चालणारी अमरावती-अकोला मुलींची छोटी लीग. रस्ता तर झालाच आहे, मुलींच्या संघाची बस तेवढी धावू द्या.

पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला आले की रस्ता-नालीसोबत हेही विचारा. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू.