पलायन कोणाचे?

'पलायनवाद' हा समीक्षेतला शब्द. फडके-खांडेकर वाद शिकवताना आम्हीही तो फळ्यावर लिहितो. अलीकडे मात्र तो प्राध्यापकांच्या खोलीत विद्यार्थ्यांविषयी ऐकू येतो. कोणी भजनी मंडळात पखवाज शिकतो, कोणी तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, कोणी वहीभर कविता लिहिते, की लगेच निवाडा होतो : "स्पर्धा झेपत नाही, म्हणून पळ काढतात." या निवाड्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

वडनेर भोलजी हे मलकापूर-नांदुरा रस्त्यावरचे, महामार्गालगतचे गाव. अशा गावातला मुलगा ज्या स्पर्धेत उतरतो, तिचे गणित एकदा मांडून पाहावे. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. म्हणजे दोनशेहून अधिक उमेदवारांमागे एक जागा. २०२४ ची 'नीट' २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर होत्या. अशा परीक्षेत बहुसंख्यांचे अपयश हा त्यांच्या आळसाचा पुरावा कसा ठरतो? ते तर जाहिरात निघते त्याच दिवशी ठरलेले असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. त्या साऱ्यांची कारणे एक नसतील. पण एवढा आकडा समोर असताना पखवाजाकडे वळलेल्या मुलाला पळपुटा म्हणण्याचे धाडस आम्हाला तरी होत नाही.

"आवडीने पोट भरते काय?" हा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण आवडीने पोट भरलेच पाहिजे, ही अट कोणी घातली? आपल्याच जिल्ह्यातले मेहकरचे ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) व्यवसायाने वकील होते. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात १९३० च्या दशकात घरोघरी पोचली. त्याच नावाचा संग्रह निघाला तो थेट १९५४ साली. 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८६ मध्ये. वकिली चालू होती आणि कविताही चालू होती. कवितेने त्यांना वकिलीतून पळवून नेले नाही, आणि प्रसिद्धीसाठी त्यांनी मेहकरही सोडले नाही. यात पलायन नेमके कुठे आहे?

दुसरा धोका छंदाचे कौतुक करणाऱ्यांकडून येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर सहअभ्यासक्रम उपक्रमांनाही श्रेयांक आले. हेतू चांगला असेल. परंतु पखवाजाचे गुण मांडले जाऊ लागले, की पखवाजाचीही गुणवत्ता यादी लागते, मग शिकवणी निघते आणि मुलगा होता तिथेच परत येतो. मुलांनी शोधलेली एकुलती एक मोकळी जागासुद्धा आपण मोजपट्टी घेऊन व्यापणार आहोत काय?

मग शिक्षकांनी करायचे काय? फार काही नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. तरीही गावोगावच्या वाचनालयांचे रूपांतर अभ्यासिकांत होत चालले आहे : टेबलावर चालू घडामोडींचे मासिक, आणि कादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप. त्या कपाटाची किल्ली मागावी. कविता दाखवायला आलेल्या मुलीला 'अभ्यास कसा चाललाय' हे विचारण्याआधी कविता वाचावी.

बाकी, दोनशेतल्या एका जागेसाठी उरलेल्या सगळ्यांना वर्षानुवर्षे रांगेत उभे करून, त्यांच्या तारुण्याचा हिशेब देण्याचे जी व्यवस्था टाळते, पलायनवादी तिलाच म्हणावे लागेल.