पॅरोलची देखरेख : सहीपुरती नको

हिजरी सन 2 मध्ये, रमजानच्या 17 तारखेला बद्रची लढाई झाली. मक्केचे अनेक लोक कैद झाले. काही जण खंडणी भरून सुटले. ज्यांच्याकडे पैसा नव्हता पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना अक्षरे शिकवावीत आणि घरी जावे, असे ठरल्याचे सीरतकार सांगतात. सुटकेला अट होती आणि ती कामाची होती. असा कैदी कुठे आहे, हे शोधत फिरावे लागत नाही.

आपल्याकडे पॅरोल आणि फर्लोचा कारभार ठरलेल्या नियमांवर चालतो. मोठी शिक्षा झालेला कैदी नाशिकरोडच्या कारागृहातून रजेवर जळगाव-धुळ्याला येतो. त्याला जामीनदार लागतो आणि पोलिस ठाण्यात हजेरी द्यावी लागते. ही हजेरी हवीच. पण अनेकदा सगळी देखरेख त्या एका सहीत आटोपते. तो कुठे राहतो, काय कमावतो, पुन्हा कोणाच्या संगतीत बसतो, हे सही सांगत नाही. उलट हातावर पोट असलेल्याची हजेरीपायी मजुरी बुडते.

करोनाकाळात हे ठळकपणे दिसले. 8 मे 2020 रोजी नियम बदलून हजारो कैद्यांना तातडीची रजा दिली गेली. अट होती ती 30 दिवसांतून एकदा ठाण्यात हजर होण्याची. 2022 मध्ये परतण्याचे आदेश निघाले, तेव्हा अनेक जण परतलेच नाहीत.

यावर उपाय म्हणून रजाच बंद करा, असे काही जण म्हणतील. गुन्हा ज्यांच्या घरावर कोसळला, त्यांची भीती खरी आहे. म्हणून कैदी येण्याआधी त्या कुटुंबाला कळवलेच पाहिजे. पण बहुतेक कैदी आज ना उद्या शिक्षा संपवून याच गल्लीत येणार आहेत. रजेचे दिवस ही त्याची तालीम आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तिथे कैदी भिंतीविना, शेती करत राहिले. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. तिथे पहारा नव्हता, पण काम होते आणि विचारपूस करणारा माणूस होता.

तेवढे आजही जमेल. कोर्ट ज्यांना चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडते, त्यांच्यासाठी 1958 च्या कायद्याने परिविक्षा अधिकारी दिला आहे. रजेवर आलेल्याच्या घरीही त्याने पहिल्या आठवड्यात जावे. हजेरीची वेळ संध्याकाळची असावी. रावेर-यावलची केळीबाग, जळगावची डाळमिल, धुळ्याचा यंत्रमाग, कुठेतरी कामाचा शब्द आधीच मिळालेला असावा.

हा शब्द सरकार एकटे देऊ शकत नाही. अनाथ आणि गरिबाच्या जोडीने कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांचे कुरआनने कौतुक केले आहे. मशिदीची कमिटी, गणेश मंडळ, व्यापारी संघटना यांनी वर्षाला एकेका माणसाची जबाबदारी घेतली तरी पुष्कळ झाले.

या ईदला मोहल्ल्यात कोणी रजेवर आला असेल, तर शिरखुर्म्याच्या वाटीबरोबर एवढे जरूर विचारावे : बाबा, काम कुठे लागले का?