पिकअपचे टायर आणि ओझ्याचा आंकडा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत घाटावर काय व घाटाखालीं काय, ज्या अंगणांत पूर्वीं बंडी सुटलेली असे त्या अंगणांत आतां पिकअप उभी असते. सोयाबीन चिखलीस, कापूस खामगांवास किंवा मलकापुरास तिच्यांतूनच जातो. हें चांगलेंच झालें. परंतु बंडीचीं चाकें घेतांना आमचे वडील जितकी चौकशी करीत, तितकी आम्ही पिकअपचे टायर घेतांना करीत नाहीं. तिची किंमत आमच्या घरास मोजावी लागली, म्हणून हे चार शब्द वाचकबंधूंपुढें ठेवीत आहों.

दोन वर्षांमागें पुतण्याच्या पिकअपचे मागचे दोन टायर झिजले. तालुक्याच्या गांवीं दुकानदारानें त्याच नंबरचे, पण बरेच स्वस्त टायर दाखविले. २१५/७५ आर १५ हा नंबर जुन्या टायरशीं तंतोतंत जुळला, म्हणून आम्हीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. सारी नोकरी महसुलाचे कागद वाचण्यांत गेलेल्या माणसानें टायरवरचीं उरलेलीं अक्षरें वाचलीं नाहींत, हा दोष आमचाच. त्या फाल्गुनांत तुरीचीं पोतीं भरून गाडी राजूर घाट उतरत असतां मागचा डावा टायर फुटला. गाडी दरीकडे न जातां डोंगराच्या अंगास टेकली, म्हणून पुतण्या आज आमच्यांत आहे. फुटलेला टायर घरीं आणल्यावर आम्हीं तो चष्मा लावून वाचला. नंबरापुढें १०० हा आंकडा होता. जुन्या टायरवर तेथें १०६ होता.

सारी मेख या आंकड्यांत आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरांत. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या शेंकडा किती उंची टायरच्या भिंतीस आहे तें प्रमाण. १५ म्हणजे आंतील लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. हें झालें टायरचें माप. त्यापुढचा आंकडा त्याची ताकद सांगतो. १०० म्हणजे एका टायरनें पूर्ण हवेवर ८०० किलो पेलावे, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे १,१२०. कोठें १०६/१०४ असे दोन आंकडे असतात. त्यांतील पहिला आसाच्या प्रत्येक टोकास एकच टायर असतां धरावा, दुसरा जोडटायर असतां. आम्हांस मिळाले ते माणसें नेणाऱ्या मोटारीचे टायर होते, मालगाडीचे नव्हते. रेंगीची व बंडीची धाव घेरानें सारखी भरली, तरी रेंगीची पातळ धाव बंडीवर चढविणारा लोहार आम्हीं पाहिला नाहीं.

आतां हिशेब पाहा. रिकाम्या गाडीचें मागील आसावर ७०० किलो वजन धरलें आणि १३ क्विंटल मालापैकीं १,१५० किलो मागें आलें, तर मागील आसावर १,८५० किलो, म्हणजे एका टायरवर ९२५ झाले. १०६ चा टायर हें वजन कसेंबसें पेलतो. १०० चा टायर कायद्यानें मान्य असलेल्या ओझ्याखालींच सव्वाशें किलोंनीं उणा पडतो. हंगामांत १३ च्या जागीं २० क्विंटल भरणारे आमचे कित्येक बंधू आहेत. त्यांच्या मागच्या एकेका टायरवर बाराशें किलोंहून अधिक भार येतो, व तेथें ११२ चा टायरही पुरत नाहीं. त्यांनीं टायरवाल्यास दोष देऊं नये.

दुसरी एक हौस तरुण मंडळींत फार दिसते, ती रुंद टायरांची. काळ्या जमिनींत गाडी फसते, म्हणून २१५ काढून २३५ घालावयाचे. मऊ जमिनींत रुंद टायर कमी रुततो हें खोटें नाहीं. परंतु आपली काळी माती ओली झाली कीं टायरच्या खांचा भरून टाकते, मग रुंदी काय करणार? पावसाळ्यांत पांदणीच्या तोंडाशीं गाडी उभी करून तेथवर माल बैलांनीं आणावा, हेंच खरें. शिवाय २१५/७५ च्या जागीं २३५/७५ घातला कीं चाकाचा व्यास ३० मिलिमीटरांनीं वाढतो. पूर्ण वळण घेतांना टायर मडगार्डास घासण्याचा संभव असतो, गाडीची ओढ कमी होते, आणि मीटर ६० दाखवीत असतां वेग साडेबासष्टांवर गेलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ नोंदणीविरुद्ध फेरफारास मनाई करतें. विम्याच्या वेळीं हा वाद कोण अंगावर घेईल? दणकट टायर पाहिजे असल्यास माप तेंच ठेवून ओझ्याचा आंकडा वरचा मागावा.

टायरचा जन्मकाळही पाहावा. भिंतीवरील चार आंकड्यांत पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गोदामांत पडून म्हातारा झालेला टायर नवा म्हणून घेऊं नये. खांचांची खोली १.६ मिलिमीटरांखालीं गेली कीं टायर नियमानें बाद होतो. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, सिंदखेडराजा भागांतून जातो. त्याच्या तापलेल्या सिमेंटवर एका वेगानें तासन्‌तास धांवतांना हवा कमी असलेला टायर किती तापतो, हें पुढच्या थांब्यावर हात लावून पाहणारांस कळेल. हवेचा दाब किती ठेवावा तें गाडीच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकांत लिहिलेलें असतें. पण आम्ही तें पंक्चरवाल्यास विचारतों!

राहिलें आपल्या गाडीच्या मागील आसावर खरोखर किती वजन येतें तें. हें कळणें सोपें आहे. भरलेली गाडी काट्यावर अशी घ्यावी कीं मागचीं चाकें तेवढीं पाट्यावर व पुढचीं बाहेर सपाट जमिनीवर राहतील. येईल त्या वजनास दोहोंनीं भागावें, आणि भागाकाराहून अधिक पेलणारा आंकडा टायरवर आहे कीं नाहीं तें पाहावें. आपल्या संस्थेच्या गोदामावर काटा आहे. सोयाबीनचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं सभासदांच्या गाड्यांचें असें वजन एकदां मोफत करून त्याची चिठ्ठी देण्यांत यावी, अशी सूचना आम्ही येत्या वार्षिक सभेंत मांडणार आहों. काटेवाल्याचा त्या दिवसाचा रोज संस्थेस जड वाटत असल्यास पहिल्या वर्षाचा आम्ही देऊं.