खाल्ल्या मिठाचा प्रश्न

परवा वर्गात 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार समजावून देत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, न्यायाधीशाने कुणाच्या मिठाला जागायचे?" तेवढ्यात घंटा झाली, म्हणून सुटलो! उत्तर सापडले ते अमेरिकेत.

एप्रिल १९५२. कोरियात युद्ध चाललेले, आणि पोलाद-कारखान्यांत संप होऊ घातलेला. अध्यक्ष ट्रुमन यांनी एका हुकमासरशी कारखानेच ताब्यात घेतले. मालक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयातले नऊही न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले. तरी २ जूनचा निकाल ६ विरुद्ध ३ असा अध्यक्षांच्या विरुद्ध गेला. कायदे करणे हे काँग्रेसचे काम, अध्यक्षांचे नव्हे! त्या सहांतले दोघे तर खुद्द ट्रुमन यांच्या नेमणुकीचे. ट्रुमन यांनी कारखाने मुकाट्याने परत केले. पाच लाखांहून अधिक कामगारांचा संप ५० हून अधिक दिवस चालला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ऐटीत सांगितले, "मीठ नेमणाऱ्याचे नव्हे, राज्यघटनेचे."

"पण सर, संपात ज्यांच्या घरचे मीठ-पीठ संपले, त्यांचे काय?"

या खेपेस घंटा काही झाली नाही.