मॅरेथॉनपूर्वीची छोटी शर्यत : बलपरीक्षा की बलक्षय?

हेमंत ऋतू लागला की आमच्या चिकित्सालयात एका वेगळ्या प्रकारच्या अभ्यागतांची वर्दळ वाढते. त्यांना रुग्ण म्हणणे कठीण, कारण ते बहुधा स्वस्थच असतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर धावण्याचा त्यांचा संकल्प असतो. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीने मध्यमवयीन नोकरदारांनाही धावण्याची गोडी लावली, हे स्वागतार्हच आहे. ही मंडळी सहसा दोन गोष्टी विचारतात : ‘मध्ये एक अर्धमॅरेथॉन धावून घेऊ का?’ आणि ‘ताकदीचे काही देता का?’ या दोन्ही प्रश्नांना वैद्याने काय उत्तर द्यावे, याविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

चरकाचार्यांनी रुग्णाच्या दशविध परीक्षेत व्यायामशक्तीचा समावेश केला आहे. आमच्या मते छोटी शर्यत ही व्यायामशक्तीची परीक्षा आहे. ती चिकित्सा नव्हे. तिच्यामुळे बल वाढत नाही, किती आहे ते कळते. पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याच्या प्रचलित सूत्रानुसार अर्धमॅरेथॉनला लागलेल्या वेळाच्या सुमारे २.०८५ पट वेळ पूर्ण मॅरेथॉनला लागतो. म्हणजे जो अर्धे अंतर दोन तास दहा मिनिटांत धावला, त्याने चार तासांचे स्वप्न सोडून साडेचार तासांचा बेत करावा. शिवाय बूट कुठे घासतात, धावताना कोणता आहार पचतो, पाणी किती लागते, हेही शर्यतीतच उमगते.

परंतु परीक्षेचा निष्कर्ष उपयोगात आणण्यास अवधी उरला पाहिजे. म्हणून अशी शर्यत चार ते सहा आठवडे आधी व्हावी. मुंबईस जाणाऱ्यांना त्यासाठी डिसेंबरातील वसई-विरारची शर्यत सोयीची पडते. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र सर्व शक्ती लावून धावणे आम्हास सर्वथा अयोग्य वाटते. कठोर श्रमाचा लाभ अंगी लागण्यास साधारण दहा ते चौदा दिवस जातात. स्नायूंची झीज भरून येण्यासही तितकाच काळ लागू शकतो. मग लाभ पदरी पडण्याआधीच मुख्य शर्यत येते आणि झीज तेवढी सोबत राहते. या काळात साप्ताहिक अंतर ४० ते ६० टक्क्यांनी घटवावे, थोडी वेगाची धाव ठेवावी आणि निद्रा व अग्नी सांभाळावा.

येथे आमची स्वतःची एक चूक नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक गृहस्थ मॅरेथॉनच्या दोन आठवडे आधी अर्धमॅरेथॉन धावण्याविषयी विचारावयास आले. अग्नी सम, निद्रा उत्तम. आम्ही संमती दिली. ते जीव तोडून धावले, स्वतःची सर्वोत्तम वेळ नोंदवली आणि पेढे घेऊन आले. पोटरीत किंचित ओढ होती. तिच्यासाठी आम्ही तेल व गुग्गुळकल्प देऊन निश्चिंत झालो. मॅरेथॉनच्या दिवशी तिसाव्या किलोमीटरनंतर तीच पोटरी आखडली आणि त्यांना शर्यत सोडावी लागली. पेढे आम्ही खाल्ले. सहा महिन्यांच्या साधनेचे मोल त्यांनी मोजले.

कोणी म्हणेल, वाग्भटाचार्यांनी शीतकाळीसुद्धा बलवानाने अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे सांगितले असता मॅरेथॉनला अनुमती द्यावीच कशी? आक्षेप रास्त आहे. मॅरेथॉन ही दिनचर्या नव्हे, वर्षातून एखादे वेळी केलेले साहस आहे. जो ते करणारच, त्याला क्रमाने सात्म्य घडवून तेथवर नेणे एवढेच आपल्या हाती असते. अर्धशक्तीचा नियम शेवटच्या आठवड्यांत तर अधिकच उपयोगी ठरतो. श्वास मुखावाटे येऊ लागणे ही अर्ध्या बलाची खूण सुश्रुताचार्यांनी सांगितलीच आहे. मित्रांसोबत पाच किलोमीटर धावायचेच असेल, तर ती खूण दिसताच वेग कमी करावा. मात्र छातीवर क्रमांक लावल्यावर हा संयम किती जणांना साधतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता ‘ताकदीचे काही’ याविषयी. औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की, शेवटच्या पंधरवड्यात नवे चूर्ण, नवा कल्प कोणाच्या हाती देऊ नये. न मानवलेल्या औषधाने कोठा बिघडला, तर तो शर्यतीच्या वाटेवरच कळतो. याहून गंभीर बाब अशी की, विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांतील कुचल्यात स्ट्रिक्नीन असते. शोधनाने ते कमी होते, नाहीसे होत नाही. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत हे द्रव्य स्पर्धाकाळी निषिद्ध आहे. वातवेदनेसाठी सहज दिलेली गोळी एखाद्या होतकरू धावपटूच्या कारकिर्दीस डाग लावू शकते. म्हणून ग्राहक धावपटू आहे काय, हे विचारूनच असे कल्प द्यावेत.

‘आता धावू नका आणि नवे काही घेऊही नका’ असे सांगितल्याने गल्ल्यात काही पडत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही धावपटू शर्यत पुरी करून हसत परत यावा असे वाटत असेल, तर वैद्यबंधूंनी त्या पंधरवड्यात हाच सल्ला निःसंकोचपणे द्यावा.