विद्या कागदावर उतरवा
ज्या माहूरची देशमुखीण रायबाघन १६६१ सालीं उंबरखिंडीच्या रणांत होती, तेथील नागरिकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या काळच्या ‘फिरंग’ तलवारीचें पातें युरोपांतून येई, मूठ येथें बसे. युरोपांतील जुन्या खड्गविद्येची गुरुपरंपरा पुढें तुटली. तरी फिओरे दे लिबेरीनें सुमारें १४१० सालीं रचलेल्या सचित्र ग्रंथावरून तेथील लोक ती आज पुन्हां शिकत आहेत. आमच्या दांडपट्ट्याचे उस्ताद कोल्हापुरांत अद्याप आहेत, पण त्यांचे डाव बहुतेक त्यांच्या अंगींच! उस्ताद गेला कीं विद्या गेली. यास्तव व्यापारी बंधूंनीं ते डाव सचित्र लिहवून घेण्याचा खर्च उचलावा, व रायबाघनीच्या गांवीं मुलींसही पट्टा शिकवावा. नुसत्या पूर्वजांच्या पोवाड्यांनीं मनगट बळकट होत नाहीं.