चिप उपसण्यापूर्वी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या होड्या किनाऱ्यावर विसावतात आणि त्यांच्यावरचे ट्रॅकर, इंजिनाचे मीटर, चार्जर याच काळात आपल्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात. फर्मवेअर बदलण्यासाठी बूट-० पिनला ३.३ व्होल्ट द्यावेत, रीसेट दाबून केबल लावावी, तर संगणकाला काहीच दिसत नाही. मग ‘बूटलोडर उडाला’ म्हणत हॉट एअर हातात घेतली जाते. ही सवय मोडायला हवी.

या उपकरणांतल्या एसटीएम३२ चिपमधला बूटलोडर कारखान्यातच सिस्टिम मेमरीत लिहिलेला असतो. आपला प्रोग्राम कितीही चुकला तरी तो पुसला जात नाही. केबल निव्वळ चार्जिंगची नाही ना, आणि त्या चिपला यूएसबी बूटलोडर आहे तरी का, एवढे आधी पाहावे. निळ्या स्वस्त बोर्डावरच्या एफ१०३ ला तो नाहीच. त्याचा बूटलोडर फक्त सीरियलवर बोलतो. त्याच्यापुढे यूएसबी केबल लावून बसण्यात वेळ जातो.

एफ४०७ ची गोष्ट वेगळी. त्याचा बूटलोडर यूएसबीबरोबर यूसार्ट-१, यूसार्ट-३ आणि कॅन-२ वरही कान ठेवून असतो, आणि जिथे आधी हालचाल दिसेल तिथे गुंततो. ट्रॅकरचा जीपीएस यूसार्ट-३ च्या पीबी११ पिनवर असेल, तर तो सेकंदा-सेकंदाला मजकूर पाठवतच राहतो. बूटलोडर त्यातच अडकतो आणि यूएसबीची पाळी येतच नाही. ती वायर सोडवून पुन्हा रीसेट द्या. बिघाड तेवढाच असेल तर संगणकावर ०४८३:डीएफ११ हा यूएसबी क्रमांक उमटतो. माझ्या मते हा दुरुस्तीचा नव्हे, डिझाइनचा दोष आहे. बोर्ड आखतानाच जीपीएस यूसार्ट-२ वर का घेऊ नये?

दुसरे कारण खाऱ्या हवेचे. या चिपमधला १६ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर सुमारे एक टक्का अचूक असतो; फुल-स्पीड यूएसबीला पाव टक्क्याची अचूकता लागते. म्हणून बूटलोडरला बाहेरचा क्रिस्टल हवाच, तोही ४ ते २६ मेगाहर्ट्झमधला, पूर्ण मेगाहर्ट्झचा. क्रिस्टलच्या पायांजवळ मिठाचा ओलसर थर साचला की गळती होते आणि दोलन सुरूच होत नाही. आतल्या ऑसिलेटरवर लिहिलेला नेहमीचा प्रोग्राम मात्र चालतो, दिवा लुकलुकतो, आणि म्हणूनच क्रिस्टलवर कुणाचा संशय जात नाही. थेट पायाला प्रोब लावू नका, त्याच्या कपॅसिटन्सनेही दोलन बिघडते. एसटी-लिंकने छोटा प्रोग्राम टाकून क्रिस्टलचे घड्याळ पीए८ वर बाहेर काढा आणि तिथे मोजा.

धुताना आयसोप्रोपिल अल्कोहोलवर विसंबू नका; मीठ त्यात फारसे विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, मग कोमट हवेत पूर्ण सुकवणे आणि त्यानंतरच कन्फॉर्मल कोटिंग. ओल्या थरावर कोटिंग मारले तर गळती आत कोंडली जाते.

नवे बोर्ड आखणाऱ्यांकडे एक आग्रहाची मागणी: बूट-० ला दहा किलोओहमचा पुल-डाउन आणि हाताला लागेल असा पॅड द्या, आणि क्रिस्टलची वारंवारता व जीपीएसचा यूसार्ट क्रमांक बोर्डावरच छापा.